इंजिनामागची माझी टाकी

पनवेल सोडलं त्या दिवशी एअरपोर्टला जाणारी गाडी आधी अब्बांच्या वर्कशॉपसमोर थांबली. अब्बा घरी निरोप द्यायला आलेच नव्हते. पाण्याच्या एका टँकरवर चढून झाकणाची कडी जोडत बसले होते. खाली उतरले, हात पँटला पुसले आणि माझ्या बॅगेकडे बघून म्हणाले, "हेल्मेट घेतलंस?"

घेतलं होतं. वेल्डिंगचं, काळ्या काचेचं. सकाळी खालाने ते बाहेर काढून त्या जागी सुक्या बोंबलांची पिशवी कोंबली होती. "नवऱ्याकडं चाललीस का कारखान्यात?" मी बोंबील काढून हेल्मेट परत आत घातलं होतं.

अब्बा एवढंच म्हणाले, "आमच्या टाकीला गळती नाय, हे तिकडं सांग." गाडी निघाली. मी रडले नाही, आणि अम्मीला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ईदला फोनवर तुम्ही सगळे नातेवाईक विचारता, "आठवण येते ना गं? करमत नसेल ना?" दोह्याला, दुबईला, लंडनला गेलेले आपले लोक या प्रश्नाला ठरलेलं उत्तर देतात, तेही मला माहीत आहे. आठवण मलाही येते. मार्केटातल्या ताज्या मांदेलीची येते, दुपारी तापलेल्या पत्र्याच्या वासाची येते. पण मी इथे कोमेजून बसलेली नाही, आणि तुमच्या समाधानासाठी तसं दाखवणारही नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते. अब्बा आखातात वेल्डर होते. परत आल्यावर त्यांनी पनवेलला टँकरच्या टाक्या बनवायचं वर्कशॉप काढलं. माझा भाऊ साजिद मोबाइलच्या धंद्यात गेला, म्हणून बारावीनंतर वेल्डिंगचा होल्डर माझ्या हातात आला. "पोरगी ठिणग्या उडवते, हिला कोण करणार?" असं म्हणणाऱ्यांत तुमच्यातले बरेच होते. इम्तियाजने केलं. तो इंग्लंडच्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. मला बघायला आला तेव्हा मी टाकीच्या आत होते आणि बाहेर फक्त माझे बूट दिसत होते. बूट आवडले, असं तो अजून सांगतो.

इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी घरीच होते. थंडी, ओला रस्ता, नवऱ्याच्या ड्यूट्या. मग कळलं, गावाबाहेर एक जुनी रेल्वे आहे, हौशी लोक चालवतात, वाफेच्या इंजिनांची. वाफेचं इंजिन मी पनवेलला कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्याकडे एक देखणं इंजिन दुरुस्त होऊन उभं होतं, पण त्याचं टेंडर फार पूर्वी भंगारात गेलं होतं. खाला, टेंडर म्हणजे सरकारी कंत्राट नव्हे. इंजिनाला मागे जोडलेला डबा. त्यात कोळसा आणि पाणी. पुढच्या बाजूला उतरता कोळशाचा कप्पा, खाली आणि बाजूने पाण्याची टाकी. ते नसेल तर एवढं मोठं इंजिन नुसतं शोभेला.

ते लोक नवं टेंडर बांधत होते. मी गेले. तिथले प्रमुख डेनिस, निवृत्त, पांढऱ्या मिशांचे, प्रेमाने म्हणाले, "शनिवारी कँटीनला माणसं हवीत. तुम्हाला समोसे येत असतील ना?"

"समोसे माझे फुटतात," मी म्हणाले. "टाकी जमते."

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी दोन पत्रे आणून समोर ठेवले. मी ते जोडले. त्यांनी सांधा उलटसुलट पाहिला आणि सोमवारी यायला सांगितलं.

फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला तर चुलतभाऊ रिझवानने लिहिलं, "म्हणजे शेवटी साहेबाच्या घरीच पाणी भरतेस!" खाली हसण्याच्या बाहुल्यांची रांग. मी उत्तर दिलं, "पाणी भरायला टाकी लागते. ती मी बनवते. तुमच्या सोसायटीत टँकर येतो ना, त्याचा तळ कोणी जोडला ते साजिदला विचार." त्यानंतर बाहुल्या थांबल्या.

आतलं काम अवघड होतं. पाणी हिंदकळू नये म्हणून टाकीत भोकं पाडलेले आडवे पत्रे बसवतात, अब्बा त्यांना पडदे म्हणतात. त्या पडद्यांमधून सरपटत मी हिवाळाभर काम केलं. मग चाचणीचा दिवस आला. टाकी भरली. सगळे जमले. आणि मागच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक रेघ उतरली. सांधा माझाच होता.

कोणी ओरडलं नाही. इथे ओरडत नाहीत. मागून एकजण फक्त म्हणाला, "हिचाच असणार." डेनिस माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. राहिलेलं काम आपण बाहेरच्या कंपनीला देऊ."

मी बाहेर जाऊन अब्बांना फोन लावला. आमच्या टाकीला गळती नाही, हे मी या लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"गळली ना? मंग?" अब्बा म्हणाले. "माझ्या पयल्या चार टाक्या गळल्या. तुला सांगितलं नाय, येवढंच. तिकडं ग्राइंडर नाय काय?"

मी परत आत गेले. "कंपनी नको," डेनिसना म्हणाले. "सांधा माझा आहे, मीच खोलणार." त्यांनी स्वतः टाकी रिकामी करायचा नळ उघडला. मी सांधा ग्राइंडरने घासून काढला, पुन्हा जोडला. टाकी पुन्हा भरली. मागून बोललेला तो माणूस टॉर्च घेऊन कोपऱ्याखाली झोपला, बराच वेळ तसाच. उठला तेव्हा त्याची पाठ कोरडी होती. त्याने मला चहा आणून दिला, साखर न विचारता घातलेली.

या उन्हाळ्यात अब्बा आले. गुडघ्यांमुळे वर्कशॉप बंद झालंय, तिथे आता साजिदचं दुकान आहे. ते ऐकून मी ढसाढसा रडावं अशी काहींची अपेक्षा होती. जागा गेली, हात माझ्याकडे आहेत. अब्बा इंजिनाला जोडलेल्या टेंडरभोवती फिरले, टाकीवर बोटाने टकटक करत कान लावून ऐकलं. मग विचारलं, "परत कदी येणार तुमी? रावायला?"

"सुट्टीत येऊ, अब्बा. राहायला नाही."

तोंडावर असं मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं. इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन टेंडरमधून फावड्याने कोळसा ओढत होता, अब्बा ते बघत राहिले.

घर म्हणजे काय, असं विचारलंत तर माझं उत्तर साधं आहे. जिथे माझं काम माझ्या नावाने ओळखतात ते घर. पनवेलमध्ये ते मला मागून घ्यावं लागलं, इथेही मागूनच घेतलं. म्हणून दोन्हीकडे मी पाहुणी नाही.

शिट्टी झाली. फलाटावरच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका म्हातारीने अब्बांना विचारलं, फार लांबून आलात का? अब्बांनी आखातातलं जुनं इंग्लिश काढलं, ताठ बसले आणि इंजिनाकडे हात करून सांगितलं, "माय डॉटर रेल्वे."

मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.