आईच्या वाट्याचे दोन लिटर

माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी दुबईला गेलेल्या आईला परत आणायला मी गेलो, तेव्हा जानेफळहून काकांचा फोन आला.

‘एका माणसाले दोन लिटर आणता येते, बिना टॅक्सची. तुमी दोघं. म्हंजे चार.’

‘काका, आई माळकरी आहे.’

‘मंग काय झालं? कस्टमवाले गळ्यातली माळ पाह्यतात का बे?’

परतताना विमानतळावरच्या दुकानातून एकेक लिटरच्या चार बाटल्या घेतल्या आणि दोन आईच्या हातात दिल्या. तिनं विचारलं, ‘काय हाय यात?’

‘काकांचं औषध.’

‘तुह्या काकाचा आजार मले माहीत हाय,’ म्हणत तिनं पिशवी धरली.

मुंबईला उतरलो आणि सामान घेऊन कस्टमपाशी आलो. हिरव्या पाटीखालून सगळे सरळ बाहेर पडत होते. लाल पाटीपाशी कोणीच नव्हतं. आईनं विचारलं, ‘ते लाल कोणाले?’

‘ज्यांना काही सांगायचं आहे त्यांना.’

‘मंग मले सांगाचं हाय,’ म्हणून ती तिकडं चालू लागली.

साहेब तरुण होता. ‘काय आणलंय, आजी?’

‘खजूर. एक घोंगडी. अन् दोन बाटल्या. दारूच्या.’

‘कोणाच्या?’

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं.

‘माह्या,’ ती म्हणाली.

साहेबानं आधी माळ पाहिली, मग बाटल्या. ‘दोन लिटरपर्यंत माफ आहे, आजी. पण जपून घ्या.’

जानेफळ येईपर्यंत आईनं ती पिशवी मला धरू दिली नाही.

काका दारातच उभे होते. माझ्या दोन बाटल्या त्यांनी छातीशी धरल्या आणि आईच्या पिशवीकडं हात नेला.

‘थांबा भाऊजी. सायबापुढं मी माह्या म्हटल्या. आता तुमाले देल्या, तं मी खोटी पडीन.’ आणि तिनं त्या कपाटात कुलूपबंद केल्या.

हिवाळा आला. गल्लीतल्या म्हाताऱ्या दुपारच्या आमच्या ओसरीवर जमू लागल्या. आई वाटीत थोडं थोडं ओतायची आणि एकेकीचे गुडघे चोळायची. काकांना वास लागला. ते धावतच आले.

‘वहिनी! बारा वर्सं मुरवेल हाय ते!’

‘म्हणूनच गुण येते,’ आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काका लंगडत आले आणि बायकांच्या रांगेत बसले. आईनं त्यांच्या तळहातावर चार थेंब दिले आणि ते गुडघ्यात पूर्ण जिरेपर्यंत समोरून हलली नाही.