आजोबांना पहिल्यांदा कोणी पाहिलं

आमच्या दाजींना बूड टेकून बसलेलं गेल्या तीन वर्षांत आमच्या मुई लाऊ गावात कोणी पाहिलेलं नाही. सकाळी माझ्या गाडीवर येतात, बान्ह कानची, म्हणजे तांदळाच्या छोट्या आप्प्यांची, बशी घेतात आणि उभ्याउभ्याच खातात, दोन घास गाडीपाशी, दोन घास रस्त्यापलीकडे. एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनं उठून आले होते. पुतण्याच्या लग्नात नवरानवरी मानाच्या चहाचा पेला घेऊन पुढे आली, तर ह्यांची खुर्ची रिकामी. ताई म्हणते, "पायाला भिंगरी लागलीय ह्या माणसाच्या." भिंगरी कशानं लागली ते मला माहीत आहे, आणि ताईला नाही.

दाजींचं नाव थोई. वय चौपन्न. वीस वर्षं त्यांनी स्वतःच्या होडीतून माकूल धरलं. मग किनाऱ्याला रिसॉर्टच्या भिंती उभ्या राहिल्या, होडी ओढून ठेवायला जागा उरली नाही, होडी विकली. रिसॉर्टवाल्यांनी त्यांच्या हातात लांब दांड्याचं दाताळं दिलं. सकाळी सहाच्या आत सगळी वाळू ओढून इस्त्री केल्यासारखी करायची. शेवाळ, मेलेले मासे, रशियन पाहुण्यांच्या बाटल्या, सगळं उचलायचं. समुद्रात काही मरतं हे पाहुण्यांना कळता कामा नये. ह्याच वाळूवर माझी आई मासळी वाळत घालायची. आता मी नुसती चालत गेले तरी राखणदार शिट्टी मारतो. मारू दे, मी ऐकत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका पहाटे मी चूल पेटवत होते. मातीचे साचे अजून तापले नव्हते. दाजी दाताळं तसंच हातात घेऊन धावत आले. गुडघ्यांना ओली वाळू होती.

"सेन, आजोबा आलेत."

देवमाशाला आमच्यात कोणी देवमासा म्हणत नाही. आजोबाच. वादळात ते होडीला पाठ देतात. दाजींच्या वडिलांना असंच त्यांनी किनाऱ्याला आणून सोडलं होतं, असं ताईची सासू मरेपर्यंत सांगायची. आजोबा वारले आणि वाहत एखाद्या गावाच्या वाळूवर आले, म्हणजे त्या गावावर त्यांची माया. ज्याला पहिल्यांदा दिसतील, तो त्यांचा थोरला मुलगा. त्यानं डोक्याला पांढरं फडकं बांधून शंभर दिवस सुतक पाळायचं. तीन वर्षांनी हाडं उकरून, तांदळाच्या दारूनं धुऊन देवळात ठेवायची, तेव्हा पहिला हात त्याचा.

"कुठे?" मी विचारलं.

"खडकापाशी. रिसॉर्टच्या हद्दीत. लहानच आहेत, दोन माणसांएवढे."

"आणखी कोणी पाहिलं?"

"कोणी नाही. मीच."

त्या वेळी मी चुलीवर पाणी ओतून बोंब ठोकत गावात धावायला हवं होतं. पण मला आठवला रिसॉर्टचा माळी. महिन्यापूर्वी त्याची आई गेली होती आणि तो कपाळाला फडकं बांधून कामावर आला. मॅनेजर म्हणाला, "पाहुणे इथे सुट्टीला येतात, मयताला नाही." माळ्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. अजून घरीच आहे.

दाजींनाही तोच आठवत होता. "शंभर दिवस, सेन. मॅनेजर मला शंभर तास ठेवायचा नाही. ह्या वयात दुसरं कोण विचारतंय मला?"

"मग तुम्ही पाहिलंच नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या टोकाला जा आणि वाळू ओढत राहा. एवढं गाव आहे, कोणाला ना कोणाला दिसतील."

"अगं, माझ्या बापाला त्यांनी..."

"तुमच्या बापाला नोकरी नव्हती. झाकली मूठ ठेवा, दाजी."

हे मीच बोलले. दाजी उगाच साच्यांकडे बघत राहिले, मग गेले. दुसऱ्या टोकाला गेले.

चांगलं उजाडल्यावर ढोल वाजला. आजोबा हिएमला सापडले होते.

हिएम म्हणजे गावावरून ओवाळून टाकलेला. तिशी उलटलेली, दिवसा प्यायचा, बांबूच्या उपड्या टोपलीहोडीखाली झोपायचा. त्याच्या आईनं त्याच्या बापाचं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. ढोल ऐकून बायका हसल्या. "आजोबांना दुसरा कोणी मिळाला नाही का गं?" मीही हसले. आणि बघते तर हिएम त्या थंड अंगाला मिठी मारून हमसून रडत होता, सख्ख्या बापासाठी रडतात तसा. मग कोणी हसलं नाही.

आणि मॅनेजर? तो हात जोडून उभा होता. पाहुण्यांनी फोटो काढले, एका बाईनं फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी तो दाजींना म्हणाला, "काय सुंदर रीत आहे हो तुमच्या गावाची! हे तुम्हा कामगारांपैकी कोणाला सापडलं असतं तर आपणही काहीतरी केलं असतं." दाजींनी हे मला सांगितलं आणि तेव्हापासून ते बसेनात.

हिएमनं शंभर दिवस दारूला हात लावला नाही. एकशे एकाव्या दिवशी लोक बघायला गेले, आता हा पिणार म्हणून, तर हा देवळाचं अंगण झाडत होता. पुढच्या वर्षी त्याला एका मोठ्या होडीवर घेतलं. 'ए हिएम'चा 'हिएमदादा' झाला. रस्त्यानं जाताना तो मान वर करून चालायला शिकला.

दाजींचं उलट. हिएम समोरून आला की हे गल्लीत शिरणार. रस्त्यात कोणी नुसतं 'थोरला' म्हटलं तरी दचकणार. चोराच्या मनात चांदणं! मध्येच कधी हिएमच्या दारात फणसाचे गरे नाही तर सुकी मासळी ठेवून पळून येणार. मी चिडवायची, "दाजी, लग्न जमवताय की काय त्याच्याशी?" हसायचे नाहीत. मलाही हसू यायचं नाही, पण तोंडाला काहीतरी चाळा हवा ना.

यंदा हाडं काढायचा दिवस आला. त्या सकाळी दाजी गाडीपाशी आले आणि बशी घेतलीच नाही.

"सेन, आज मी बोलणार. खड्डा उघडायच्या आधी पुजारी विचारतात ना, पहिल्यांदा कोणी पाहिलं म्हणून. मी म्हणणार, मी."

माझ्या हातातलं उलथणं साच्यात पडलं. "आणि हिएमचं काय?"

"मला आता राहवत नाही गं."

"राहवत नाही तर नको राहवू दे. तडफडा. मीही तडफडते. पण आपली तडफड त्याच्या ताटात कशाला वाढताय? त्याला आयुष्यात एकच बाप मिळालाय, दाजी. तो सगळ्या गावासमोर काढून घेणार?"

"खोटं आहे ते."

"त्या खोट्यावर माणूस उभा राहिलाय. तुमच्या खऱ्यानं परत होडीखाली जाईल."

दाजी दोनदा रस्ता ओलांडून आले. मग देवळाकडे निघाले. मी चूल तशीच सोडून मागोमाग गेले.

देवळामागच्या वाळूत सगळं गाव जमलं होतं. हिएम पुढे, नवी शिलाई दिसणारा सदरा घालून. पुजारी ऐंशीचे, पण आवाज खणखणीत. त्यांनी उदबत्त्या लावल्या, समुद्राकडे तोंड केलं आणि विचारलं, "आजोबांना पहिल्यांदा कोणी पाहिलं?"

हिएमनं लगेच उत्तर द्यायचं असतं. तो वळला आणि गर्दीत बघू लागला, आणि त्याची नजर दाजींवर येऊन थांबली. लोक कुजबुजले. पुजाऱ्यांना वाटलं ह्याला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

दाजी पुढे सरकले. मी मागून त्यांचा सदरा धरला, तो हिसडून सुटले.

"हिएमनं पाहिलं," दाजी मोठ्यानं म्हणाले. "मी त्या सकाळी वाळू ओढत होतो. मला माहीत आहे. हिएमनंच."

माझा जीव भांड्यात पडला. रडूच आलं मला. वाटलं, सुटलो, दोघंही सुटलो. पुजाऱ्यांनी मान हलवली, ढोल वाजला, आणि हिएमनं, मान खाली घालूनच, पहिला हात घातला. मग म्हणाला, "थोईकाका धुवायला माझ्याबरोबर बसतील." गावाला ते पटलंच, साक्ष दिली होती ना त्यांनी. दारूची बाटली ओतायला मी पुढे झाले.

दोघं समोरासमोर उकिडवे बसले. मणक्याचं एकेक हाड हिएम उचलायचा, मी ओतायची, दाजी फडक्यानं पुसायचे. तीन-चार हाडं झाली असतील. ढोलाच्या आवाजात हिएम हळूच बोलला, एवढा हळू की मला आणि दाजींनाच ऐकू गेलं.

"काका, त्या पहाटे मी खडकामागे टोपलीहोडीखाली होतो."

दाजींचा हात थांबला.

"तुम्ही गुडघे टेकलेत ते पाहिलं. उठून पळालात तेही पाहिलं. वाटलं, गावाला सांगायला गेले. मी जवळ गेलो नाही. उजाडेपर्यंत वाट बघितली, येतील म्हणून."

"अरे, मग आज..." दाजी पुढे वाकले. "आज माझ्याकडे कशाला बघत होतास?"

"म्हटलं, आज तरी म्हणाल. तीन वर्षं मला धड झोप नाही, काका. जिथे जाईन तिथे वाटतं, दुसऱ्याचा बाप घेऊन फिरतोय. तुम्ही नुसतं 'मी' म्हणायचं होतंत. मी बाजूला होणार होतो. थोरले तुम्ही, धाकटा मी, एवढंच हवं होतं मला. आता गावासमोर बोलून झालं. आता नाही बदलता येत."

दाजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला काहीतरी उलट बोलता आलं असतं.

"ओत, सेन," ते म्हणाले.

मी ओतत होतेच. हाड केव्हाच धुऊन झालं होतं, आणि दारू वाळूत जिरत होती.