साहेबांनी दिलेली पुढची सीट

जीप थांबली. रस्त्यावर झाड आडवं टाकलं होतं. दोन्ही बाजूंच्या चढावर माणसं उभी होती, हातात दगड घेऊन. मी ड्रायव्हरच्या शेजारी होते. मांडीवर व्हॅक्सीन कॅरियर, म्हणजे लसींची थंड पेटी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तलासरीकडच्या पाड्यांवर मी नर्स होते. त्या सकाळी एका खात्याच्या साहेबांनी (कुठलं खातं ते राहू दे) नाक्यावर जीप थांबवली.

"सिस्टर, पाड्यावरच ना? बसा. पुढे बसा, हवेशीर."

सरकारी जीपमध्ये पुढची सीट साहेबांची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला वाटलं, काय सभ्य माणूस! ते मागे शिपायांत दाटीवाटीने बसले. पाड्यावरच्यांना त्यांच्या शेतांवरून हुसकवायला ते निघालेत, हे मला ते आडवं झाड दिसल्यावर कळलं.

एक दगड बॉनेटवर आदळला. मी डोळे मिटले. घरी माझी तान्ही मुलगी होती, तेवढंच डोक्यात.

"नको मारा!" लखमी ओरडली. ती पाड्याची सुईण, माझ्याबरोबर कितीतरी बाळंतपणं केलेली. "आपली डोसवाली बाय आहे!"

हात थांबले. मागून साहेब ड्रायव्हरला हळूच म्हणाले, "सिस्टर आहेत तोवर मारणार नाहीत. झाड बाजूला घे, चल."

दगडापेक्षा त्या वाक्याची भीती जास्त वाटली.

"साहेब, मी उतरते."

"वेड लागलंय का? बसून राहा!"

मी उतरलेच. लखमीपर्यंत कशी पोचले, आठवत नाही. वळून पाहिलं तर जीप रिव्हर्स जात होती.

पुढे आखाती युद्धाच्या बातम्यांत 'ह्यूमन शील्ड' हा शब्द वाचला. मानवी ढाल. ज्याच्यावर समोरचा हात उचलणार नाही, त्याला पुढे ठेवायचं आणि आपण मागे राहायचं. युद्धाच्या कायद्यात तो गुन्हा आहे म्हणे. आमच्याकडे त्याला लिफ्ट म्हणायचे.

पुढच्या लसीकरणाला मी चालत गेले. एकही बाई मूल घेऊन आली नव्हती. लखमीने दार अर्धंच उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे बघत राहिली.

"बाय, एकटीच आलीस ना?"

मला एकही दगड लागला नव्हता. तरी त्या आयांनी मुलं परत माझ्या हातात द्यायला पावसाळा उजाडला. ढाल झालेल्या माणसाला काय लागलं, हे अंगावर शोधून सापडत नाही.