टाकीवरची अकरा पट्ट्यांची पिशवी

जगात जागच्या न हलणाऱ्या वस्तू दोनच. एक ध्रुवतारा आणि दुसरी माझ्या साडूंच्या मोटारसायकलच्या टाकीवर बांधलेली पिशवी. मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे ध्रुवतारासुद्धा थोडाफार सरकतो हे मला ठाऊक आहे. पिशवी सरकलेली मी कधी पाहिली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपुरात ते वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम येऊन तेव्हा चार-पाच वर्षंच झाली होती, आणि इतवारीतल्या किराणा दुकानदारापासून मौद्याच्या बाजारातल्या मिरचीवाल्यापर्यंत कोणाचं वजन खरं आणि कोणाचं खोटं हे ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यासाठी लागणारी पितळी वजनं मखमलीच्या पेटीत, पेटी कापसात, कापूस कॅनव्हासच्या पिशवीत आणि पिशवी टाकीवर, अशी सगळी मांडणी असे. मागच्या कॅरिअरवर का नाही बांधत, असं मी एकदा विचारून बसलो. देव्हाऱ्यातले देव अंगणात ठेवा म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या चाकाला धक्के जास्त बसतात, धक्क्यानं वजनाचा कण झिजला तर सगळा जिल्हा खोटा ठरतो, असा त्यांचा हिशेब. "माह्यंच वजन चुकलं त मंग खरं कोन सांगन?" असं ते म्हणायचे.

पिशवीला अकरा पट्टे होते. इतवारीतल्या एका मोच्याकडे सलग तीन रविवार बसून त्यांनी ते करून घेतले होते. तिसऱ्या रविवारी मोच्यानं हात जोडून, आता दुसरीकडे जा, असं सांगितलं म्हणतात, पण ते मला आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितलेलं आहे आणि नवऱ्याबद्दल सांगताना आक्का थोडं मीठ जास्तच घालत. बांधायची रीत ठरलेली होती. आधी टाकी कोरड्या फडक्यानं पुसायची, कारण खाली धूळ राहिली तर पिशवी घसरते आणि रंगही खरवडला जातो. मग नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा अंथरायचा. मग पहिला पट्टा हँडलच्या मानेभोवती, दोन सीटखालून, चार टाकीच्या पोटाखालून आडवे, आणि उरलेले चार कुठून कुठे जात हे मला अखेरपर्यंत कळलं नाही. पट्ट्याचं लोंबणारं टोक चाकात जाऊ नये म्हणून प्रत्येक टोक दुमडून जुन्या ट्यूबच्या रबरी कड्यात खोचायचं. सगळं झालं की दोन्ही हातांनी पिशवी धरून गदागदा हलवायची. त्यांचा नियम साधा होता, "पिशवी हालवली त गाडी हालली पायजे." गाडी हलली नाही तर पहिल्या पट्ट्यापासून पुन्हा सुरुवात. तेवढ्या वेळात आक्कांचा स्वयंपाक होऊन भांडी घासून व्हायची.

या बंदोबस्ताचे दोन छोटे तोटे होते, आणि भाऊंना ते तोटे वाटत नसत. मी त्यांना भाऊ म्हणायचो. पहिला तोटा असा की पेट्रोलचं झाकण पिशवीच्या खाली होतं. पंपावर ते आले की तिथला माणूस नळी हातातून खाली ठेवून निवांत चहा प्यायला जाई. दुसरा तोटा जरा मोठा होता. उजव्या बाजूचं जाडजूड बक्कल हँडलच्या आड येत असे, त्यामुळे गाडी डावीकडे हवी तशी वळायची आणि उजवीकडे जेमतेम चार बोटं. दुसऱ्या कोणी बक्कल हलवलं असतं. भाऊंनी रस्ते बदलले. घरापासून इतवारीपर्यंत फक्त डावीकडे वळत कसं पोचायचं, हे त्यांनी एका कागदावर काढून ठेवलं होतं. भूगोलाचा मास्तर म्हणून मला तो नकाशा दाखवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की दीड मैलाच्या वाटेसाठी हे गृहस्थ रोज निम्म्या नागपूरला प्रदक्षिणा घालतात. अगदीच इलाज नसला तर गाडी स्टँडवर घ्यायची आणि जागच्या जागी फिरवायची. मागं मी बसलेलो असलो की हे काम माझ्याकडे येई.

बांधाबांधीचा हा सोस पिशवीपुरता नव्हता. चष्म्याला दोरी, किल्ल्यांना साखळी, आणि जेवणाच्या डब्याला असा काही गाठींचा प्रकार की दुपारी तो सोडवायला कचेरीतले दोघे तिघे बसत. माझ्या लग्नात आम्हा नवराबायकोची वळकटी त्यांनी मोठ्या प्रेमानं बांधून दिली. पहिले चार दिवस आम्ही सतरंजीवर झोपलो. पाचव्या दिवशी ते स्वतः आले, दोन बोटांनी गाठ सोडली आणि मला म्हणाले, तुम्ही मास्तर लोक जोर लावता, डोकं नाही लावत.

असा माणूस साडू म्हणून लाभल्यावर कोणाचीही चिडचिड व्हावी, आणि माझी ती होतच होती. बायका बहिणी-बहिणी असल्या की नवऱ्यांची तुलना ठरलेलीच, आणि आमच्या घरात एखादं झाकण सैल निघालं की भाऊंचं नाव निघे. पण त्या हिवाळ्यात माझं मत बदलावं असं काही घडलं.

मौद्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून कोसभर आत माझी सासुरवाडी. बायको तिथे बाळंतपणाला गेली होती आणि मुलगी आठव्या महिन्यातच झाली. आठमाशी लेकरू हाती लागत नाही अशी बायकांची समजूत. त्यामुळे घरात पेढ्यांचं कोणी नाव काढेना. मुलगी इतकी लहान की सासूबाईंच्या दोन तळहातांत मावायची. मौद्याच्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं. दर आठवड्याला वजन करा, ते वाढलं तर पोर जगेल, म्हणाले, पण या थंडीत तिला घराबाहेर काढू नका. मग वजन करायचं कसं? सासरे म्हणाले, गावातल्या वाण्याचा तराजू आणू. भाऊ तिथेच बसले होते. ते म्हणाले, "त्याचा किलो नवशे चाळीस ग्रॅमचा आहे. खोट्या किलोनं पोरगी खोटीच वाढन."

सरकारी वजनं खासगी कामाला वापरायची नाहीत हा त्यांचा धर्म. त्यांनी साहेबांना रीतसर अर्ज केला की नवजात भाचीचं वजन करण्यासाठी दर रविवारी पेटी आणि तराजू नेण्याची परवानगी मिळावी. साहेबांनी हसून सही केली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही दोघं निघायचो. पुढं पिशवी, मध्ये भाऊ, मागं मी. गावाचा फाटा नेमका उजवीकडे होता. तिथे मी उतरून गाडी फिरवायचो. ओसरीच्या आढ्याला तराजू टांगायचा, एका पारड्यात मुलगी, दुसऱ्यात वजनं. आधी तिच्या दुपट्याचं वजन वेगळं करायचं. मग ती झोपेपर्यंत थांबायचं, कारण तिनं पाय झाडला की काटा डोलतो. काट्याला वारा लागू नये म्हणून सगळ्यांनी श्वास धरायचा असाही हुकूम होता. पहिल्या रविवारी एक किलो आठशे पन्नास. दुसऱ्या रविवारी एक किलो नऊशे साठ. सासूबाईंना ग्रॅमचं काही कळेना. "जवाईबापू, शेरात किती झालं जी?" असं त्यांनी विचारलं, तर भाऊ म्हणाले, मामी, शेर आता कायद्यानं बंद आहे, मी तोंडानं उच्चारू शकत नाही. सासूबाई बिचाऱ्या बोटं मोजत बसल्या.

तिसऱ्या रविवारी वजन पन्नास ग्रॅमनं उतरलं. भाऊंनी तीनदा केलं, तीनदा तेच आलं. खोटं सांगणं त्यांना जमणारं नव्हतं. माझी बायको डोळ्यांना पदर लावून आत गेली. डॉक्टरांनी सांगितलं, अजून एक आठवडा पाहू, पुन्हा उतरलं तर थंडीबिंडी न बघता नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, आणि वाटेत काय होईल ते सांगता येत नाही.

तो आठवडा मी वर्गात काय शिकवलं ते मुलांनाच ठाऊक. चौथ्या रविवारी आम्ही अंगणात पोचलो तेव्हा सगळं घर ओसरीवर उभं होतं. बायकोच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. आणि भाऊ पट्टे सोडत होते. एक सोडला, गुंडाळला, बाजूला ठेवला. दुसरा सोडला, गुंडाळला. तिसऱ्या पट्ट्याशी त्यांची बोटं नुसतीच फिरत राहिली. माझा तोल गेला. जावयाची रीतभात विसरून मी सर्वांसमोर ओरडलो की विळा आणा आणि कापून टाका एकदाचे हे पट्टे.

भाऊंनी मान वर केली नाही. फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "काहून रागावून राहिले बापू? आज काटा पाह्याची मलेच हिंमत होऊन नाही राहिली."

भाऊ आणि आक्कांना मूल नव्हतं. एक झालं होतं, चार दिवसांचं होऊन गेलं. ही गोष्ट मला ठाऊक होती, पण त्या क्षणापर्यंत ती माझ्या डोक्यात कधी नीट शिरलीच नव्हती. मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो आणि उरलेले पट्टे आम्ही दोघांनी मिळून सोडले.

तराजू टांगला. दुपट्याइतकं वजन आधीच दुसऱ्या पारड्यात घालून झालं. मुलगी जागी होती, पण शहाण्यासारखी पडून राहिली. भाऊंनी एक किलो ठेवला, दुसरा ठेवला. मुलीचं पारडं खालीच राहिलं. पन्नास ग्रॅम ठेवले, तरी खालीच. आणखी पन्नास ठेवले तेव्हा काटा मधोमध येऊन थांबला. त्यांनी वाकून काटा पाहिला. मग दोन किलो शंभर, असं पुटपुटले. कोणालाच काही उमगलं नाही, तेव्हा सासूबाईंकडे वळून, नोकरीतला सगळा कायदा बाजूला ठेवून, मोठ्यानं म्हणाले, "सव्वादोन शेर झाली मामी. सव्वादोन शेर."

त्यानंतर मुलगी वाढतच गेली. महिन्याभरात डॉक्टर म्हणाले, आता दर आठवड्याला वजन करायची गरज नाही. हे भाऊंना सांगायचं कोणी, यावर घरात बरीच चर्चा झाली आणि कोणीच सांगितलं नाही. पुढं मायलेकी नागपूरला आमच्या बिऱ्हाडी आल्या. भाऊंचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून. तरीही रविवारी ते अकरा पट्टे बांधून, फक्त डावीकडे वळत, अर्ध्या तासाचा वळसा घालून यायचे. आक्का पायी दोन मिनिटांत येऊन बसलेल्या असत.

त्यांच्या तराजूची ताकद पाच किलोची होती. मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा एका रविवारी पेटीतली सगळी वजनं पारड्यात गेली, तरी तिचं पारडं खालीच राहिलं. ती त्यात पडून पितळी साखळी तोंडात घालायचा प्रयत्न करत होती. भाऊंनी पेटीत पुन्हा पुन्हा पाहिलं, एखादं वजन राहिलं असेल म्हणून. मग तिला उचलून माझ्या बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाले, "माह्या काट्याची हद्द सरली. पुढचं वजन आता तुमीच पाहा."

आम्ही त्यांना, भाऊ, रविवारी नुसतेच या, जेवायलाच या, असं आग्रहानं सांगितलं. ते येतही राहिले, बरीच वर्षं. पण त्या दिवशी अंगणात जाऊन त्यांनी टाकी पुसली, नमदा अंथरला आणि पिशवी बांधायला घेतली. बांधायची, हलवून पाहायची, गाडी हलली तरी पुन्हा सोडायची. दीड तास लागला त्यांना, आणि आम्ही कोणीही त्यांना घाई केली नाही.