तीन स्टोव्ह, तीन मतं आणि ताईंचं शिखर

चार माणसं मिळून भटकायला लागली की अंगावर धूळ साचते आणि तोंडी किस्से साचतात. धूळ झटकता येते, किस्से काही सुटत नाहीत. लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत, अगदी न्हाव्याच्या खुर्चीतही कुणीतरी गाठतंच, "टेस्टर, ते स्टोव्हचं सांगा की!"

टेस्टर म्हणजे मी. नेकनूरजवळच्या आमच्या गावात दूध संस्था आहे, तिथं दुधाचं फॅट तपासायचं काम माझं. मंगलताई संस्थेच्या चेअरमन. सर्जेराव टँकरवर ड्रायव्हर. दुधाच्या टँकरवर, पाण्याच्या नव्हे! हे आमच्याकडं आधीच सांगावं लागतं, नाहीतर ऐकणारा हंडा घेऊन उठतो.

दुष्काळाची वर्षं होती. निम्मी जनावरं चारा छावणीत, दूध घटलेलं, सकाळीच काम उरकायचं. आभाळाकडं बघत बसण्यापेक्षा डोंगर तरी बघू म्हणून आम्ही सुट्टीच्या दिवशी लिंबागणेशच्या बाजूच्या डोंगरांत चालायला लागलो. ताईंचे मालकही यायचे. गुडघे बोलायला लागले तसे म्हणाले, "तुमी जावा, मी म्हशी बघतो." लई समजूतदार माणूस!

* * *

स्टोव्हची गरज कशी पडली ते ऐका. तोवर आम्ही तीन दगड मांडून काटक्यांवर चहा करायचो. एकदा वाऱ्यानं ठिणगी उडाली आणि शेजारचं वाळकं गवत पेटलं. आम्ही शर्ट काढून आग झोडपतोय तेवढ्यात एक मेंढपाळ काठी घेऊन धावत आला. त्यानंच घोंगडीनं आग विझवली आणि मग आमच्याकडं वळला.

"डोंगरावर एवढाच चारा ऱ्हायलाय, त्यो बी जाळता का बे?"

सर्जेरावनं हळूच विचारलं, "मामा, चहा घेता का?" मामानं काठी उगारली आणि आम्ही चहा न पिताच डोंगर उतरलो! दुसऱ्याच दिवशी ताईंनी फर्मान काढलं, "आता गॅसचा स्टोव्ह. डोंगरात काटकी पेटवायची न्हाई."

* * *

त्याच सुमाराला पुण्याच्या एका ग्रुपची हिमाचलातल्या एका शिखरावर जायची मोहीम ठरली. त्यांच्याबरोबर बाहेरच्या लोकांनाही जाता येणार होतं. अट एकच, प्रत्येक तुकडीनं आपला स्टोव्ह आणायचा आणि आपलं आपण शिजवायचं. ताईंनी आम्हा तिघांची नावं देऊन टाकली. आम्हाला नंतर कळलं!

संस्थेच्या सभेत हे फुटलं. माजी चेअरमन आबा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "कावून एवढ्या लांब जाता, ताई? वडवणीच्या बाजारात जावा. बर्फाचा गोळा तिथंबी मिळतो!"

सभा खदखदून हसली. ताई उठल्या. "आबा, शेंड्यावर पाय लावून आले न्हाई, तर ही खुर्ची तुमची."

हसू बंद! सर्जेरावनं माझ्या कानात विचारलं, "टेस्टर, खुर्ची ताईंची जाणार, पण चालायचं आपल्याला बी हाय ना?"

* * *

मग आम्ही पुण्याला स्टोव्ह बघायला गेलतो. दुकानदार पोरगा गोड. काउंटरवर तीन स्टोव्ह मांडले. पहिला मुठीत मावणारा, गॅसच्या डब्याच्या डोक्यावरच फिरवून बसवायचा. दुसरा बसका, तीन पाय पसरलेला, डबा बाजूला ठेवून नळीनं जोडायचा. तिसरा उंच, त्याचं भांडं त्याच्यावरच घट्ट बसणारं. बाहेर पडायच्या आत सर्जेरावनं बारसं उरकलं, मुंगी, कोळी आणि बंब!

पोरगा मुंगी सर्जेरावच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "काका, वजन बघा. काहीच नाही!"

"वजन न्हाई, तर पैसे कशाचे घेता?"

पोरगा हसला. बंब पुढं केला. "हा बघा, पाणी भराभर उकळतो."

"भाकरी होती का याच्यावर?"

"नाही काका. यावर फक्त पाणी उकळतात."

"फक्त पाणी?" सर्जेराव माझ्याकडं वळला. "आमच्याकडं तेच तर न्हाई!"

शेवटी तिन्ही स्टोव्ह भाड्यानं आणले. वापरून बघू, मग विकत घेऊ.

* * *

आता चाचणी. पुस्तकी पद्धत अशी की भांडंभर पाणी घ्यायचं, उकळायचं, किती वेळ लागला ते बघायचं, पाणी ओतून द्यायचं आणि पुढचा स्टोव्ह लावायचा. मी संस्थेच्या ओट्यावर पातेलं भरायला घेतलं, तर ताईंनी तांब्याच हिसकावला.

"ओतून द्यायला पाणी? गावात टँकर आला न्हाई अजून. लोक काय म्हणतील?"

"मग कशावर बघायचं, ताई?"

ताईंनी दुधाच्या कॅनकडं बोट केलं. दूध तापवलं तर वाया जात नाही, चहा होतो, खवा होतो. बिनतोड मुद्दा! दूध कमी आणि पाणी त्याहून कमी, अशा गावातच हे सुचू शकतं.

मुंगी लावली. आम्ही तिघं वाकून बघतोय. दूध वर आलं ते कुणाला कळलंच नाही. भस्सकन उतू गेलं, बर्नरमध्ये शिरलं आणि मुंगी विझली ती विझलीच. टाचणीनं एकेक भोक मोकळं करण्यात माझी दुपार गेली!

बंबाचा प्रकार वेगळा. दूध वरून शांत आणि तळाला कोळसा. भांडं खोल आणि अरुंद. आमच्याकडं पाणी वाचवायला भांडी राखेनं कोरडीच घासतात, पण त्यात ताईंचा हात मनगटाच्या पुढं जाईना. त्यांनी भांडं खाली आपटलं. "ज्या भांड्यात हात जात न्हाई, ते घरात ठेवायचं न्हाई!"

पुढं बंब परत घेताना दुकानातल्या त्या गोड पोरानं नाकाला रुमाल लावला होता.

* * *

वाऱ्यातली चाचणी डोंगरावर घेतली. मुंगीची ज्योत वाऱ्यानं आडवी व्हायला लागली, तसा सर्जेरावनं तेलाचा डबा कापून आणलेला पत्रा तिच्याभोवती गच्च गुंडाळला. ज्योत सरळ झाली. सर्जेराव छाती काढून म्हणाला, "बघा! ड्रायव्हरला कधी कमी समजायचं न्हाई."

ताईंनी गॅसच्या डब्याला हात लावला आणि चटकन मागं घेतला. डबा तापलेला! त्यांनी आधी गॅस बंद केला, मग पत्रा दूर भिरकावला आणि मग सर्जेरावचा उद्धार केला. "चहाच्या नादात आपल्या तिघांचा तेरावा घालतो का, भाऊ?"

कोळ्याला मात्र आडोसा करता आला, कारण त्याचा डबा नळीनं लांब बसलेला. ताईंचं तिथंच ठरलं.

पण आमची सहकारी संस्था! ठराव, चर्चा, मतदान झाल्याशिवाय झाडूसुद्धा घेत नाही. तिघं बसलो. सर्जेरावचं मत मुंगीला, का तर ती तंबाखूच्या पुडीशेजारी खिशात बसते. माझं मत बंबाला, मला त्याचा वेग आवडला होता. ताईंचं कोळ्याला. तीन स्टोव्ह, तीन मतं, सगळे बरोबरीत!

"समान मतं पडल्यास चेअरमनचं जादा मत," ताई म्हणाल्या. "कोळी."

सर्जेराव उसळला, "ही हुकूमशाही हाय!"

"न्हाई भाऊ, हा पोटनियम हाय!"

* * *

हिमाचलात पोचलो. गॅसचे डबे तिथंच मिळाले. खालच्या तळावर ताईंनी अंडी उकडली आणि भांड्यातलं पाणी गाळून दुसऱ्या भांड्यात ठेवलं. शेजारच्या तंबूतला पुण्याचा एक उमदा पोरगा, निखिल, हसायला लागला. तो हात धुवायलासुद्धा पाणी गरम करायचा.

"मावशी, फेका ते! इथं पाण्याला काय तोटा? सगळा डोंगरच पाण्याचा आहे!"

"डोंगर पाण्याचा हाय, बाळा," ताई म्हणाल्या, "पर गॅसचा न्हाई."

निखिलला पटलं नाही. वय असतं एकेकाचं.

* * *

आता शेवटचं.

वरच्या तळावर वाहतं पाणी नव्हतं. बर्फ वितळवायचा तेव्हा पाणी. मोहिमेच्या लीडरनं दुपारीच सांगितलं, "दिवस मावळायच्या आत ज्याच्या बाटल्या भरलेल्या दिसतील तोच उद्या शिखरावर. बाकीचे इथं थांबतील." कोरड्या घशानं कुणाला त्या उंचीवर नेणं त्याला मान्य नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

थंडीनं सगळ्यांचेच स्टोव्ह मलूल झालेले. आमचं पाणी कसंबसं होत होतं. तेवढ्यात निखिल आला. हातात रिकामं भांडं. त्याच्या तुकडीचा गॅस संपत आला होता. तो काही मागत नव्हता, नुसता उभा होता.

सर्जेरावनं ताईंकडं बघितलं. "ताई, आपलंच पुरंना. उद्या तुमी वर गेला न्हाई तर आबा खुर्ची घेऊन बसंल." आणि खरं सांगतो, माझ्याही मनात तेच होतं.

ताईंनी निखिलच्या हातातलं भांडं घेतलं. मग म्हणाल्या, "पाण्याला दारात आलेलं माणूस आपल्याकडं मोकळं जात न्हाई, भाऊ. मग खुर्ची जाऊ दे." आणि उठून उभ्याच राहिल्या. "बोलवा समद्यांला. ज्याच्याकडं जेवढा गॅस हाय तेवढा हितं आणा!"

दहा मिनिटांत खडकाच्या आडोशाला सहकार सुरू झाला. सगळ्यात मोठं पातेलं कोळ्यावर, वर झाकण. लीडर म्हणाला, डबे अंगाच्या उबेत ठेवले की गॅस चांगला येतो. ताईंनी लगेच पाळ्या लावल्या. "कोमट डबा लावा, गार डबा काखेत!" चांगले शिकलेसवरलेले लोक जाकिटात डबे घालून रांगेत उभे! पाणी झालं की ताई डावानं सगळ्यांना सारखं मोजून द्यायच्या. निखिलला त्याच्या वाट्याचं, लीडरला त्याच्या वाट्याचं, थेंब इकडं तिकडं नाही. दिवस कलला तेव्हा शेवटची बाटली भरली. ती ताईंची होती.

दुसऱ्या दिवशी सगळेच्या सगळे शिखरावर पोचलो. लोक ओरडत होते, फोटो काढत होते, निखिल रडत होता, सर्जेराव त्याच्या गळ्यात पडून त्याच्याहून मोठ्यानं रडत होता. मी ताईंकडं बघितलं आणि माझी छाती अशी भरून आली की काय सांगू! आमच्या गावची, आमच्या संस्थेची बाई!

ताई मात्र कुणाकडंच बघत नव्हत्या. नजर जाईल तिथपर्यंत बर्फच बर्फ पसरला होता. त्या चारी बाजूंनी तो बघत होत्या. बराच वेळ झाला तसा लीडर जवळ गेला.

"काय बघताय, ताई?"

"सर, हे समदं पाणी कुणाचं हाय?"

"हे?" लीडर हसला. "हे कुणाचंच नाही, ताई."

"कुणाचंच न्हाई?" ताईंनी पदर खोचला. "मंग वाट कुणाची बघताय? सोसायटी काढा की!"