अर्धी भिंत

बायकोला नाही, पोरांना नाही, कुणाला म्हणून हे बोललो नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगतानाही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटतेय.

जिंतूर तालुक्यातल्या एका गावात मी शाळामास्तर होतो. अक्षर चांगलं. म्हणून आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी काम दिलं — लेकराला हगवण लागली तर मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, ते दोन भिंतींवर लिहायचं. एक मारुतीच्या पारासमोर, एक बौद्धवस्तीत. सरकारी कागदावरची अवघड भाषा मी फेकून दिली. चौथीतल्या पोरानं वाचलं तरी आईला कळावं, असं लिहिलं. 'तांब्याभर पाणी उकळून गार करा. त्यात मीठ टाका.' आणि त्याखाली — 'मीठ फक्त चिमूटभर. साखर मूठभर.' सोपं ना? लय मिजास होती मला त्या सोपेपणाची!

पारासमोरची भिंत झाली. वस्तीतली अर्धी झाली, अन् माधवराव आले. गावचे मोठे शेतकरी, आणि माझे घरमालक. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदला म्हटलं म्हणून गावानं वस्तीची मजुरी तोडली होती, पिठाची गिरणीसुद्धा बंद केली होती. माधवराव नुसतं म्हणाले, "गुरुजी, रंग कशाला वाया घालायलाव? चला घरी."

मारलं नाही, शिवी दिली नाही. अन् मी ब्रश धुतला! शेपूट घालून त्यांच्या मागं चालायला लागलो. भिंतीवर काय राहिलं? 'त्यात मीठ टाका.' किती — ते नाही. साखर तर नाहीच. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. उद्या करू, परवा करू, असं मनाला सांगितलं. खरं सांगू? करणारच नव्हतो.

कांता त्याच वस्तीतली, माझ्या वर्गातली. तिच्याइतकं स्वच्छ वाचणारं वर्गात दुसरं कुणी नव्हतं. तिच्या तान्ह्या भावाला हगवण लागली. बाप मजुरीसाठी बाहेरगावी. वाचणारी गडीमाणसं सगळी अशीच पांगलेली. आई सरूबाईनं कांतालाच भिंतीपाशी नेलं. तिनं वाचलं, आईनं तांब्यात मूठभर मीठ टाकलं आणि पाजत राहिली. जिंतूरच्या दवाखान्यात नेईस्तोवर लेकरू गेलं. तिथं सांगितलं म्हणे — मीठ फार झालं.

वस्ती मातीला गेली, तेव्हा मी रंगाचा डबा घेऊन गेलो. भर दुपारी! राहिलेल्या ओळी लिहिल्या. उन्हात रंग लगेच वाळला. माधवरावांची भीती तेव्हा कुठं गेली होती? स्वतःची कातडी वाचवायची असली की भेकडाला कशी हिंमत येते, बघा!

दुसऱ्या दिवशी सरूबाई कांताला ओढतच शाळेत आली आणि मला भिंतीपाशी घेऊन गेली. "गुरुजी, तुमीच वाचा. हिनं काय वाचलं अन् काय न्हाई, मला कळू द्या."

मी वाचलं. चिमूटभर मीठ. मूठभर साखर. घसा साफ करून, वर्गात वाचतो तसं वाचलं. कांता भिंतीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.

"हे न्हवतं, गुरुजी."

"होतं," मी म्हणालो.

सरूबाईनं तिला तिथंच बडवलं. मी उभा होतो. हात धरला नाही, तोंड उघडलं नाही. त्यानंतर कांता शाळेत आली नाही. भाऊ खाल्ला हिनं, असं तिची आई चारचौघांत बोलायची, आणि ते माझ्या कानावर यायचं. मी काय केलं? बदली मागून घेतली. पुढं हेडमास्तर झालो. निरोप समारंभात लोकांनी हार घातले, पाया पडले — अन् मी पडू दिलं. थू माझ्या जिंदगानीवर!

माधवराव कधीच गेले. त्यांच्या नावानं बोटं मोडायला मला काय जातं? पण ते 'होतं' त्यांनी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. ते माझंच.

कांतानं नीट वाचलं होतं. मी जेवढं लिहिलं होतं, तेवढं सगळं तिनं वाचलं होतं.