पसली

विद्यार्थ्याच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून त्या स्वतःच्या खिशात टाकत आणि म्हणत, "पहले माँ को सुनो, बेटा जी. छाती कहीं भागी नहीं जा रही." चंडीगडच्या आमच्या कॉलेजात बालरोगशास्त्र शिकवणाऱ्या या मॅडम निवृत्तीला आल्या होत्या; मला मात्र सतत कुठेतरी पोहोचायचे असे.

एका तासात एकच रुग्ण शिकवणारे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्या तासाला मी बुटातला अंगठा सारखा हलवत असे. मी नागपूरची; एकदा त्यांनी विचारलेच, "नागपूर की गाड़ी छूट रही है क्या?" सगळी बॅच हसली.

एके दिवशी ओपीडीत मी नोंदी घेत होते त्या टेबलाशी पिंजौरची एक बाई तीन महिन्यांचे बाळ घेऊन आली.

"मैडम जी, इसकी पसली चल रही है."

पसली म्हणजे बरगडी, एवढी हिंदी मला येत होती. "गिरा था क्या?"

"गिरा नहीं जी, पसली चल रही है."

मी दुखापतीची शंका नोंदवली, तिला बाकावर बसवले आणि पुढचा नंबर पुकारला.

मॅडम तिथून जात होत्या. बाईने तेच वाक्य त्यांना ऐकवले. त्यांनी झबले वर केले. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. न्यूमोनिया. बाळ उचलून त्या ऑक्सिजनकडे धावल्या. त्यांना धावताना मी प्रथमच पाहिले.

परतल्यावर ओरडल्या नाहीत. "इधर की माँएँ निमोनिया को यही कहती हैं. उसने तो डायग्नोसिस बता दिया था. तुमने मतलब पूछा?"

"मैम, मुझे लगा मुझे आता है."

"हाँ. यही तो."

तीन दिवस मी वॉर्डाभोवती घिरट्या घालत होते. पुस्तक उघडवत नव्हते. चौथ्या दिवशी बाळ अंगावर प्यायले. मग मॅडमनी तो शब्द अख्ख्या बॅचला मलाच शिकवायला लावला, माझ्या चुकीसकट. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

यंदा त्या निवृत्त होऊन लेकीकडे परदेशी गेल्या. मी आता इंटर्न आहे. गेल्या आठवड्यात मनीमाजऱ्याच्या एक आजी नातीला घेऊन आल्या. "इसको परछावाँ पड़ गया."

सावली पडली? रांग दारापर्यंत होती. विचारायला मी सवयीने मागे वळले. मागे फक्त भिंत होती.

"माँ जी, इसका मतलब? मुझे नहीं आता."

आजींनी नातीच्या मनगटातले कडे धरले आणि अलगद दंडापर्यंत सरकवत नेले; वाळलेल्या हातावर ते कुठेच अडले नाही.